लहान मुलांसह परदेशातील एक वर्ष: ते प्रत्यक्षात कसे जाते?

पाऊलवाट:

नमस्कार. माझ्या पतीची येत्या काही महिन्यांत परदेशी बदली होणार आहे. करार एका वर्षाचा असून तो पुढे वाढण्याची शक्यता आहे. देश अजून नक्की झालेला नाही. दोन पर्याय समोर आहेत, त्यांपैकी एक उत्तर गोलार्धात आणि दुसरा दक्षिण गोलार्धात. आमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. घरी आम्ही मराठी बोलतो. मुलीला थोडे इंग्रजी समजते, परंतु दोनपैकी एका ठिकाणी शाळेची भाषा आम्हा चौघांनाही पूर्णपणे नवी असेल. मी बिनपगारी रजा घेऊन सोबत जाणार आहे.

सामान काय न्यावे आणि काय ठेवून जावे, यावर वाचायला भरपूर मिळते. मला जाणून घ्यायचे आहे ते वेगळे: लहान मुलांच्या दृष्टीने हे वर्ष कसे पुढे सरकते, त्यातला कठीण काळ साधारण केव्हा येतो, कोणत्या गोष्टींची उगाच काळजी केली जाते आणि कोणते निर्णय सुरुवातीलाच नीट न घेतल्यास नंतर निस्तरता येत नाहीत. वर्षाच्या मध्यावर मुलांना घेऊन मायदेशी यावे की नाही, यावरून आमच्या घरातच दोन मते आहेत. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

ऋतुचक्र:

तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे दोन गोलार्ध. निघण्याची तारीख बहुतेक वेळा कार्यालयाच्या सोयीने ठरते आणि मुलांच्या शाळेचे काय ते नंतर पाहू असे म्हटले जाते. शक्य असेल तर हा क्रम उलटा करण्याचा आग्रह धरा. उत्तर गोलार्धातील बऱ्याच देशांत शालेय वर्ष ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते, जपानमध्ये ते एप्रिलमध्ये सुरू होते, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. वर्ष अर्धे झाल्यावर वर्गात येणारे मूल आणि पहिल्या दिवशी सर्वांबरोबर आत शिरणारे मूल यांच्या अनुभवात मोठा फरक असतो, कारण पहिल्या आठवड्यात सगळीच मुले थोडी बावरलेली असतात आणि मैत्रीच्या जोड्या जुळायच्या असतात. शाळा सुरू होण्याच्या तीनचार आठवडे आधी पोहोचता आले, तर झोपेचे वेळापत्रक रुळते आणि घर ते शाळा हा रस्ता मुलीच्या ओळखीचा होतो.

इयत्तेबाबतही मनाची तयारी ठेवा. फिनलंडमध्ये सक्तीचे शालेय शिक्षण मूल ज्या वर्षी सात वर्षांचे होते त्या वर्षी सुरू होते, तर इंग्लंडमध्ये बहुतेक मुले चार वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्येच शाळेत दाखल होतात. वयाची गणना कोणत्या तारखेपासून होते, हेही देशागणिक बदलते. त्यामुळे तुमची मुलगी एका देशात दुसरीत आणि दुसऱ्या देशात शाळेच्या उंबरठ्यावर, असे सहज घडू शकते. यात तिचे काही नुकसान होत नाही. मात्र परतल्यावर कोणत्या वर्गात प्रवेश मिळेल, हे सध्याच्या शाळेकडून निघण्यापूर्वी लेखी घ्या.

आता कठीण काळाबद्दल. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना रूढ करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरो येथील एका महिला मंडळापुढे त्या विषयावर भाषण दिले होते आणि ते १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. आधी नवलाई, मग चिडचीड आणि अढी, नंतर हळूहळू सावरणे, असे टप्पे त्यांनी मांडले. १९५५ साली नॉर्वेचे लिस्गार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी केली, तेव्हा सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली माणसे अधिक रुळलेली आढळली. मधल्या काळात परतलेल्यांचे समायोजन सर्वांत कमी होते. हे चित्र खरे मानले, तर एका वर्षाचा करार असलेले कुटुंब बरोबर उतारावर असतानाच परत निघते. करार वाढवायचा की नाही, हा निर्णय नवव्यादहाव्या महिन्यात विचारला जातो, तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे.

पण चढउताराच्या या चित्रावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांवरील १९९८ च्या अभ्यासात सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच होतो असे दिसले. शिवाय हे सगळे अभ्यास एकेकट्या प्रौढांचे आहेत. कुटुंबाच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते: घरातल्या चौघांचे वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. नोकरी करणाऱ्याचे वर्ष पहिल्या सोमवारी सुरू होते, कारण त्याला टेबल, काम आणि सहकारी आयते मिळतात. मुलीचे वर्ष शाळा सुरू झाल्यावर सुरू होते आणि तिची पहिली खरी मैत्री होईपर्यंत ते अधांतरीच असते. अडीच वर्षांच्या मुलाला देश बदलल्याचे कळतच नाही. त्याला आईचा मूड बदलल्याचे मात्र कळते. आणि सोबत गेलेल्या पालकाचे वर्ष सर्वांत शेवटी सुरू होते, कारण घर लावणे, प्रवेश, नोंदण्या यांत पहिले तीनचार महिने जातात, ते संपेपर्यंत स्वतःकडे पाहायला सवड नसते आणि सवड मिळते तेव्हा बाकीचे तिघे मार्गी लागलेले असतात. प्रत्येकाचा उतार वेगळ्या महिन्यात येतो, हे आधीच ठाऊक असेल तर ‘सगळे ठीक चालले असताना तुलाच काय झाले’ हा प्रश्न घरात विचारला जात नाही.

फळा-खडू:

मी परदेशात एका शाळेच्या पूर्वप्राथमिक विभागात बरीच वर्षे शिकवते आणि नवी भाषा घेऊन बसलेली मुले दर वर्षी माझ्या वर्गात असतात, म्हणून भाषेपुरते लिहिते.

नव्या भाषेच्या वर्गात आलेले मूल बऱ्याचदा गप्प होते. ही शांतता काही आठवडे टिकते, कधी काही महिनेही टिकते, आणि ती सामान्य आहे. मूल त्या काळात ऐकत असते, इतर मुलांकडे पाहून रांगेत उभे राहते, गाण्याच्या हालचाली करते, पण तोंड उघडत नाही. घरी मात्र तेच मूल अखंड बडबडते. असे असेल तर निर्धास्त राहा. काळजीचे कारण तेव्हा असते जेव्हा घरच्या भाषेतही बोलणे वयाच्या मानाने मागे असते, कारण भाषाविकासातली खरी अडचण मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. ती फक्त नव्या भाषेपुरती राहत नाही. तुमच्या मुलाची तपासणी करण्याची वेळ आलीच, तर तो मराठीत किती शब्द आणि कोणती वाक्ये बोलतो याची नोंद तुमच्याजवळ हवी, अन्यथा तपासणाऱ्याला केवळ अर्धे मूल दिसते.

मुलगी पाचसहा महिन्यांत मैदानावर फाडफाड बोलू लागेल आणि तुम्हाला वाटेल की भाषेचा प्रश्न सुटला. तो सुटलेला नसतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली पूर्णपणे जमायला साधारण दोन वर्षे लागतात, दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून वर्षाअखेरीस मुलगी खेळात तरबेज आणि वाचनात मागे असेल, तर तिला आळशी ठरवू नका आणि शाळेलाही ठरवू देऊ नका. एका वर्षात तिला त्या भाषेत गणिताची शाब्दिक उदाहरणे सोडवता यावीत, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

आता ज्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते ते सांगते. पालकांना नव्या भाषेची चिंता असते, धोका मात्र घरच्या भाषेला असतो, आणि तोही मुलीपेक्षा मुलाला अधिक. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील १८९९ कुटुंबांची एक पाहणी आनिक डे हाउवर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांत मुले ती भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघेही घरात घरचीच भाषा बोलत होते, तेथे ती टिकण्याचे प्रमाण सर्वांत चांगले होते. शाळेतील शिक्षिका कधीकधी भल्या हेतूने सुचवतात की मुलांशी घरीही शाळेचीच भाषा बोला. हा सल्ला नम्रपणे ऐकून सोडून द्यावा. तुमच्या तोडक्यामोडक्या उच्चारांतून मुलांना नव्या भाषेचे फारसे काही मिळणार नाही. तुमच्याकडून मिळण्यासारखी भाषा ही मराठी आहे. मुलगी आता वाचायला शिकत असेल, तर मराठी अक्षरओळख निघण्यापूर्वी पक्की करा आणि तेथे दररोज थोडे तरी वाचन ठेवा. बोलणे परत येते. लिपी एकदा सुटली की मुले तिच्याकडे सहसा आपणहून वळत नाहीत.

एक विषयांतर करते. आईवडिलांसोबत परदेशात वाढणाऱ्या मुलांना उद्देशून ‘तृतीय संस्कृतीची मुले’ ही संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ यूझीम यांनी १९५० च्या दशकात वापरली, आणि तीही भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना. आज त्या संज्ञेभोवती पुष्कळ भाबडे लेखन झाले आहे. एका वर्षाने तुमची मुले विश्वनागरिक होणार नाहीत आणि मुळे तुटलेलीही होणार नाहीत.

स्टेथोस्कोप:

बालरोगतज्ज्ञ या नात्याने थोडक्यात लिहितो.

लसीकरणाची मूळ नोंदवही हातातल्या पिशवीत ठेवा आणि तिची इंग्रजी प्रत डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह करून घ्या. त्यात लसीच्या व्यापारी नावासोबत रोगाचे नाव आणि नेमकी तारीख हवी. तारखेवर भर देण्याचे कारण असे की गोवराचा पहिला डोस काही देशांत नवव्या महिन्यात देतात आणि काही देशांत वर्षानंतर. अमेरिकेसारख्या ठिकाणी पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस नेहमीच्या वेळापत्रकात मोजला जात नाही आणि तो पुन्हा द्यावा लागतो. यात गैर काही नाही, जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. बीसीजीचेही तसेच. ज्या देशांत ही लस सरसकट दिली जात नाही, तेथे काही ठिकाणी शाळाप्रवेशाच्या वेळी क्षयरोगाची त्वचाचाचणी करतात आणि बीसीजी घेतलेल्या मुलात ती खोटी ‘होकारार्थी’ येऊ शकते. अशा वेळी रक्तावरील आयजीआरए चाचणी होऊ शकते का, हे विचारावे. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

मुलगा पाळणाघरात जाऊ लागला की पहिल्या हिवाळ्यात तो सतत आजारी असल्यासारखे वाटेल. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे कोठेही नेहमीचेच आहे आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षी हा आकडा वाढतो. हवा मानवत नाही, असा निष्कर्ष काढून औषधे बदलत बसू नका. मात्र प्रत्येक आजारपणात घरी कोण थांबणार, हे आधीच ठरवा, कारण ताप असलेल्या मुलाला पाळणाघर घेत नाही आणि शेजारी आजी नसते.

फार उत्तरेकडील किंवा फार दक्षिणेकडील देश असेल, तर हिवाळ्यात उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि सावळ्या त्वचेला ते तयार करण्यासाठी ऊनही अधिक लागते. ब्रिटनमध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम देण्याची शिफारस आहे. तेथील डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे विचारा. विमानप्रवासानंतर शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने सरकते आणि पूर्वेकडील प्रवास पश्चिमेकडील प्रवासापेक्षा जड जातो. पहिल्या आठवड्यात मुले पहाटे तीनला उठून खेळू लागली, तर त्यांना रागावण्यापेक्षा दिवसा उजेडात बाहेर न्यावे.

पाऊलवाट:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. चौघांचे वर्ष वेगवेगळ्या दिवशी सुरू होते, हे वाचून आमच्या घरात प्रथमच या विषयावर वाद न होता बोलणे झाले. आणखी दोन गोष्टी विचारते. कागदपत्रांत नेमके काय अडते? आणि मुले शाळेत व पाळणाघरात गेल्यावर माझा वेळ कसा जाईल, या प्रश्नाला सगळे ‘होईल सवय’ एवढेच उत्तर देतात. त्यापलीकडे कोणी काही सांगू शकेल का?

काठावरचा:

आमच्या घरी बदली पत्नीची होती आणि मुलांना घेऊन सोबत गेलेला पालक मी होतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

आधी कागदपत्रे. मुलांचे जन्मदाखले आणि तुमचा विवाहदाखला यांवर अपोस्टील, म्हणजे कागदपत्र अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्या. १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देश हा एक शिक्का ग्राह्य धरतात आणि भारत २००५ पासून त्या करारात आहे. देश सदस्य नसेल तर दूतावासाकडून वेगळे साक्षांकन लागते आणि त्याला वेळ लागतो. लहान मुलांचे पारपत्र सहसा पाच वर्षांचेच असते; अनेक देश व्हिसासाठी पुढील किमान सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणून मुदत संपायला आलेली असेल तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करा. नावाच्या अक्षरांत जन्मदाखला आणि पारपत्र यांत फरक असेल, तर तोही येथेच दुरुस्त करून घ्या. परदेशातून हे काम अतिशय रेंगाळते. एका पालकाने एकट्याने मुलांसह सीमा ओलांडायची असेल, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ असावे.

एक अप्रिय मुद्दा आहे, तो कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा नेण्याबाबत १९८० चा वेगळा हेग करार आहे. त्यात शंभराहून अधिक देश आहेत, भारत नाही. त्या कराराचा भर मुलाच्या नागरिकत्वावर नसून त्याचे नेहमीचे वास्तव्य कोठे आहे यावर आहे. परदेशात स्थिरावल्यावर पतिपत्नींत गंभीर मतभेद झाले आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून मुलांना मायदेशी आणले, तर ते त्या देशाच्या कायद्याने अपहरण ठरू शकते. तुमच्यावर ही वेळ येईल असे मी सुचवत नाही. पण नोकरी सोडून किंवा रजा घेऊन, परावलंबी (जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) व्हिसावर जाणाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट जाण्यापूर्वी माहीत असायलाच हवी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. परावलंबी व्हिसावर काम करता येते का, हे देशागणिक आणि व्हिसाच्या प्रकारागणिक बदलते. दोन पर्यायांपैकी देश निवडताना पगार आणि घरभाडे यांच्या जोडीला ही अटही कागदावर मांडा. बँकेत संयुक्त खाते आणि घराच्या करारात तुमचेही नाव, या दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यातच करून घ्याव्यात. मला सर्वाधिक जाच याचा झाला की प्रत्येक अर्जावर मी कोणाचा तरी ‘सोबती’ होतो आणि दूरध्वनीची जोडणी घेण्यासाठीही पत्नीची सही लागत होती.

स्टुअर्ट ब्लॅक आणि ग्रेगरी स्टीफन्स यांनी १९८९ मध्ये परदेशी नेमणुकीवरील अमेरिकी व्यवस्थापक आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास केला. जोडीदाराचे रुळणे आणि कर्मचाऱ्याचे रुळणे यांचा जवळचा संबंध त्यात दिसला. हे तुमच्या पतीला जरूर वाचून दाखवा. तुमचा भाषावर्ग हा उरलेल्या वेळात करण्याचा छंद ठरू नये. तो वेळापत्रकात पहिल्या महिन्यापासून असावा आणि त्या वेळी मुलांची जबाबदारी दुसऱ्या पालकावर असावी. शाळेच्या फाटकाशी रोज भेटणारे पालक ही सर्वांत सहज मिळणारी ओळख असते, पण फाटकावरचे बोलणे वर्षभर हवापाण्यावरच राहू शकते. ते पुढे न्यायचे असेल तर कोणाच्या तरी मुलाला खेळायला घरी बोलावण्याचा पुढाकार आपणच घ्यावा लागतो. आपल्या भाषेच्या मंडळींचाही आधार घ्यावा. त्यात कमीपणा नाही. फक्त सगळे शनिवार-रविवार तेथेच जाऊ लागले, तर मुलीच्या वर्गमैत्रिणींसाठी दिवस उरत नाहीत.

मायदेशी येण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एका वर्षाच्या करारात मधली फेरी टाळावी. मुले आताच कोठे रुळत असतात, तेव्हा आजीआजोबांच्या कुशीतून त्यांना पुन्हा उचलून आणणे हे दुसऱ्यांदा निघण्यासारखेच होते. त्यापेक्षा आजीआजोबांना तिकडे बोलवा.

ऋतुचक्र:

शेवटच्या मुद्द्यावर मी असहमत आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने आपले जुने घर, जुनी खोली आणि जुनी मैत्रीण जागच्या जागी आहे हे डोळ्यांनी पाहणे फार धीर देणारे असते. निघताना तिच्या मनात असलेली शंका ही असते की आपण सोडले म्हणजे ते संपले. प्रश्न यावे की न यावे हा नसून केव्हा यावे हा आहे. शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या सत्रात येऊ नये. दोन सत्रे झाल्यावर, मोठ्या सुट्टीत यावे आणि परतीचे तिकीट तिला दाखवून यावे. आजीआजोबांना बोलावण्याची सूचना मात्र उत्तम आहे, परंतु ती पहिल्या महिन्यासाठी ठेवू नका. पहिल्या महिन्यात सगळेच परके असते आणि त्यांनाही सांभाळावे लागते. चौथ्यापाचव्या महिन्यात ते आले, तर मुलगी त्यांना शाळा, बाग, बसचा थांबा दाखवील आणि त्या ठिकाणची जाणती माणूस ती असेल.

काठावरचा:

दोन सत्रांनंतर आणि मोठ्या सुट्टीत, ही अट असेल तर माझा विरोध बराच मावळतो. धाकट्याबाबत मात्र मी ठाम आहे. अडीच वर्षांच्या मुलाला परतीचे तिकीट दाखवून काही समजत नाही आणि पाळणाघराची लागलेली सवय तीनचार आठवड्यांच्या खंडाने मोडते. फेरी करायचीच असेल तर ती दोन आठवड्यांची ठेवा आणि परतल्यावर पाळणाघरात त्याला पुन्हा सुरुवातीसारखे थोड्या थोड्या वेळासाठी सोडण्याची मुभा मिळेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

फळा-खडू:

हे विचारलेच पाहिजे. आमच्याकडे असे विचारणारे पालक थोडे असतात, परंतु विचारल्यावर नकार सहसा मिळत नाही. सोबत एक लहानशी सूचना. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर मुलाने ‘बोलावे’ अशी अपेक्षा ठेवू नका. या वयात तो दोन मिनिटांत पळून जाईल आणि पलीकडची मंडळी हिरमुसतील. त्याऐवजी ठरलेल्या वेळी आजीने एकच पुस्तक वाचून दाखवावे आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत त्याच्या हातात असावी. वेळेच्या फरकामुळे कोणाची तरी झोप मोडणारच आहे, तर ती मोठ्यांपैकी कोणाची मोडायची हे निघण्यापूर्वी ठरवून घ्या.